लंबक, झुला आणि आमची चूक

संगणकाच्या बाजूने आम्ही कधी लेखणी उचलू, असे आमच्या परिचितांपैकी कोणालाही वाटले नसते. आम्हांला स्वतःलाही वाटले नव्हते. सेमिनरीत आमची घडण झाली ती खडू, फळा आणि पाठांतर यांच्या बळावर. गुरुजनांनी सांगावे, आम्ही टिपून घ्यावे आणि परीक्षेत ते जसेच्या तसे उतरवावे, ही रीत आमच्या अंगवळणी पडली होती. पुढे धर्मगुरू होऊन काही वर्षे शाळेत गणित-विज्ञान शिकवण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा हीच रीत आम्ही मुलांपुढे नेली. तिच्यात काही उणे आहे, अशी शंकाही मनाला कधी शिवली नाही. ती शंका यायला पन्नाशी उलटावी लागली आणि लोहाऱ्याला यावे लागले.

लोहारा हे यवतमाळ शहराला लागून असलेले गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते. आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांतील कोणी कारखान्यात पाळीवर जातो, कोणी बांधकामावर, कोणी हंगामात कापूस वेचायला. घरी अभ्यासाला जागा नाही आणि शिकवणीला पैसा नाही, अशा मुलांसाठी आम्ही सभागृहात संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. तिच्यात सगळ्याच समाजांची मुले येतात. भाषा, इतिहास त्यांना जमतो. नववीला पोहोचता पोहोचता गणित आणि विज्ञान मात्र हातचे सुटू लागते. 'आपल्याला डोकं नाही' असे एकदा मुलाने मनाशी ठरवले, की पुढचे सगळे दरवाजे तो स्वतःच्या हातांनी लावून घेतो. हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की त्याचे दुःखही आताशा बोथट झाले होते.

अभ्यासिकेत शिकवणाऱ्या सिस्टर वयाने तरुण, विज्ञानाच्या पदवीधर. कोणीतरी देणगी म्हणून दिलेला एक जुना संगणक कपाटाशेजारी धूळ खात होता. तो त्यांनी पुसून सुरू केला आणि एके दिवशी आमच्याकडे परवानगी मागितली, "फादर, आठवड्यातून एक तास मुलांना याच्यावर प्रयोग करू द्यावेत." आम्ही म्हणालो, "सिस्टर, प्रयोग प्रयोगशाळेत होतात. पडद्यावर होतो तो खेळ." त्या वाद घालत बसल्या नाहीत. "एकदा येऊन बसा," एवढेच म्हणाल्या.

त्यांनी आणलेली वस्तू काय आहे, हे आधी सांगायला हवे. इंटरनेट पाहण्यासाठी संगणकात किंवा मोबाईलमध्ये जो ब्राउझर असतो, त्यातच उघडणारे हे आभासी प्रयोग आहेत. निराळे काही विकत घ्यावे लागत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली 'फेट' या नावाने हे काम सुरू झाले. ते सुरू करणारे कार्ल वायमन हे भौतिकशास्त्रज्ञ. आदल्याच वर्षी, म्हणजे २००१ साली, त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते, आणि ते ज्या शोधासाठी मिळाले त्याच्या मुळाशी आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांचे १९२४ सालचे गणित आहे. एवढा मोठा शास्त्रज्ञ पारितोषिकानंतर शाळा-कॉलेजातील मुलांना विज्ञान का कळत नाही याच्या मागे लागला, ही गोष्ट आम्हांला पारितोषिकापेक्षाही मोठी वाटते. हे प्रयोग विनामूल्य आहेत. जगभरातील भाषांत त्यांची भाषांतरे झाली असून अनेक प्रयोग मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतले की नंतर इंटरनेट नसले तरी चालतात. ज्या गावात वीज आणि नेटवर्क या दोहोंचाही भरवसा नाही, तिथे ही सोय लहान नव्हे.

त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही मागच्या बाकावर बसलो. पडद्यावर एक लंबक टांगलेला होता. शेजारी पट्टी, कोनमापक आणि वेळ मोजायचे घड्याळ. दोरीची लांबी, गोळ्याचे वजन आणि गुरुत्वाकर्षण या तिन्ही गोष्टी हव्या तशा बदलता येत होत्या. सिस्टरांनी एक नियम घातला होता, आणि आमच्या मते सारी किमया त्या नियमात आहे. आधी वहीत अंदाज लिहायचा, मग प्रयोग करायचा, आणि अंदाज चुकला तर तो न खोडता त्याखाली कारण लिहायचे.

"वजन दुप्पट केले तर लंबक लवकर येईल की उशिरा?" बहुतेकांनी लिहिले, लवकर. गोळा १०० ग्रॅमचा होता, तो दीड किलोचा केला, वेळ तीच. मुले चकित झाली. लांबी १ मीटर होती तेव्हा एका फेरीला, म्हणजे जाऊन परत येण्याला, २ सेकंद लागत होते. लांबी पाव मीटर केली तर? लांबी एक चतुर्थांश, म्हणून वेळही एक चतुर्थांश, असे पुष्कळांनी लिहिले. वेळ निघाली १ सेकंद, म्हणजे निम्मी. वर्गमूळ नावाचा जो प्रकार त्यांनी गणिताच्या तासाला नुसता सोसला होता, तो दोरीच्या टोकाला लटकलेला त्यांना प्रथमच दिसला. मग एकाने लंबक चंद्रावर नेला. तिथे तीच फेरी जवळजवळ ५ सेकंदांची झाली. गुरूवर नेला, तर सव्वा सेकंदाची. त्या मुलांपैकी कित्येकांनी अजून नागपूर पाहिलेले नाही.

हे सारे कौतुकाने पाहत असताना नववीतील एक मुलगी उठली. एरवी ती तोंड उघडत नाही. तिने लंबक ओढला तो थेट आडवा, नव्वद अंशांपर्यंत, आणि सोडून दिला. घड्याळाने २.३७ सेकंद दाखवले. तिने पुन्हा केले. पुन्हा तेवढेच. ती सिस्टरांकडे वळून म्हणाली, "सिस्टर, झुला लय मोठा घेतला तं जास्त येळ लागते."

आम्ही बाकावर होतो तसेच बसून राहिलो. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, आम्ही पूर्वी एकदा ऐकले होते.

साल १९९७. आम्हांला गुरुदीक्षा मिळून फार दिवस झाले नव्हते. विदर्भातीलच एका शाळेत आम्ही आठवीला विज्ञान शिकवत होतो. फळ्यावर आम्ही लिहून दिले, 'लंबकाचा दोलनकाल त्याच्या आयामावर अवलंबून नसतो.' म्हणजे झोका लहान असो वा मोठा, फेरीला वेळ सारखाच. तेव्हा मागून एक मुलगा उठून म्हणाला, "फादर, आमच्या निंबाले झुला हाये. मोठा घेतला तं यायले जास्त येळ लागते." वर्ग हसला. आम्हांला ते हसणे आमच्यावर आहे असे वाटले. आम्ही विचारले, "पुस्तक लिहिणाऱ्यांपेक्षा तुला जास्त कळते का?" तो गप्प झाला नाही. "मी मोजलं हाये," म्हणाला. कशाने मोजले, हे विचारायला हवे होते. आम्ही ते विचारले नाही. फळ्यावरचे वाक्य पन्नास वेळा लिहून आणण्याची शिक्षा आम्ही त्याला दिली. दुसऱ्या दिवशी त्याने ते लिहून आणले, आणि त्यानंतर वर्षभर आमच्या तासाला हात वर केला नाही.

पाठ्यपुस्तकाचा यात काही दोष नव्हता. 'आयाम लहान असताना' एवढे शब्द त्यात होते. लिहून देताना ते आम्ही गाळले, कारण त्यांचे मोल आम्हांलाच ठाऊक नव्हते. झोका दहा अंशांचा असेल तर पडणारा फरक हजारात दोन इतका नगण्य असतो. साध्या घड्याळाने तो कळायचाच नाही. तीस अंशांवर तो शेकडा पावणेदोन होतो, साठ अंशांवर शेकडा सात आणि नव्वद अंशांवर शेकडा अठरा. कडुनिंबाच्या फांदीवर झुला उंच चढवणारे पोर साठ अंशांच्या आसपास सहज पोहोचते. त्या मुलाने खरोखरच मोजले असले पाहिजे. आमच्या वर्गात त्या दिवशी निसर्गाकडे पाहून बोलणारा तो एकटा होता, आणि आम्ही त्याला खाली बसवले.

या चुकीत आम्हांला मोठी सोबत आहे, हे पुढे वाचनात आले. पिसा येथील कॅथीड्रलमध्ये हलणारा दिवा पाहून गॅलिलिओला लंबकाचा नियम सुचला, अशी कथा त्यांच्या शिष्याने लिहून ठेवली आहे. कथा खरी असो वा नसो, लहान-मोठ्या सर्व झोक्यांना सारखाच वेळ लागतो असे गॅलिलिओ मानत होते, आणि १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातही त्यांनी तेच लिहिले. मोठा झोका अधिक वेळ घेतो हे त्याच काळात पॅरिसमधील एका मठात राहणाऱ्या धर्मगुरूंच्या, मारिन मर्सेन यांच्या, प्रयोगांत दिसून आले. पुढे १६७३ साली हॉलंडच्या हायगेन्सने त्याचे गणित पुरे केले. म्हणजे गॅलिलिओसारख्या महापुरुषाच्याही नजरेतून जे निसटले, ते एका मठवासीयाने मोजून पाहिले. त्याच गॅलिलिओविरुद्ध १६३३ साली जो निवाडा झाला, त्यातील धर्मपंडितांची चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी जाहीरपणे मान्य केली. एवढ्या मोठ्या आणि पुरातन ख्रिस्तसभेला साडेतीनशे वर्षांनंतर चूक कबूल करण्यात कमीपणा वाटला नाही. मग एका शिक्षकाला अठ्ठावीस वर्षांनंतर का वाटावा?

त्या संध्याकाळनंतर आम्ही दर आठवड्याला त्या तासाला बसू लागलो. या साधनांचा खरा लाभ कोणता, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. चित्रे रंगीत आहेत, ती हलतात, मुलांना मौज वाटते, हे सगळे खरे आहे; पण तेवढ्यासाठी आम्ही हा लेख लिहिला नसता. आमच्या मते लाभ असा की इथे मूल चुकले तरी त्याचा मान जात नाही. यंत्र हसत नाही, रागावत नाही, पन्नास वेळा लिहायला सांगत नाही. 'असे केले तर काय होईल?' हा प्रश्न कितीही वेळा विचारला तरी ते न कंटाळता उत्तर देते. वर्गात पन्नास-साठ मुले असताना हा धीर शिक्षकाला, विशेषतः आमच्यासारख्या शिक्षकाला, नेहमी राहत नाही.

दुसरा लाभ असा की डोळ्यांना न दिसणारे इथे दिसते. विजेचेच घ्या. घटाला एकापुढे एक असे दोन दिवे जोडले तर पहिला दिवा वीज 'खातो' आणि दुसऱ्यासाठी थोडी उरवतो, अशी मुलांची पक्की समजूत असते. मोठ्यांपैकीही अनेकांची ती असते. पडद्यावर तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. दिव्याच्या अलीकडे जेवढे, तेवढेच पलीकडे, आणि वेगही तोच. दोन्ही दिवे सारखेच मंद. समजूत मोडायला दोन मिनिटे पुरली. आम्ही फळ्यावर ती दोन तासांतही मोडू शकलो नव्हतो. घटाची दोन टोके मुलांनी नुसत्या तारेने जोडली तेव्हा पडद्यावर घटाने पेट घेतला आणि सभागृहात हशा पिकला. तो हशा ओसरल्यावर सिस्टरांनी घरातील २३० व्होल्टच्या विजेविषयी चार गंभीर शब्द सांगितले. ते मुलांनी जितक्या शांतपणे ऐकले, तितक्या शांतपणे आमचे प्रवचनही कोणी ऐकत नाही.

तिसरा लाभ गणितातला. ऑस्ट्रियाच्या मार्कस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना 'जिओजेब्रा' नावाचे साधन तयार करायला घेतले. आता तेही ब्राउझरमध्ये चालते, आणि बालभारतीच्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकातही त्याचा उपयोग करण्याची सूचना आहे. त्यात समीकरण लिहिले की आलेख उमटतो, आणि आकडा बदलला की आलेखही आपली जागा बदलतो. आमच्या मुलांना आम्ही कापूस वेचणीचे उदाहरण दिले. किलोमागे १० रुपये मजुरी धरली, तर २० किलोंचे २०० रुपये. रेषा शून्यापासून निघते. मालकाने त्यावर जाण्यायेण्याचे ३० रुपये निराळे दिले, तर तीच रेषा तशीच तिरपी राहून वर सरकते. दर वाढला तर मात्र ती अधिक उभी होते. वेचणीला जाणाऱ्या आईच्या मुलाला 'चढ' आणि 'छेद' हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत. दोन मालकांच्या दोन रेषा काढून, किती किलोंच्या पुढे कोणाकडे जाणे परवडते, हे त्याने आपणहून शोधले. रैखिक समीकरणांची जोडी म्हणतात ती हीच.

आपल्याकडेही हे काम झालेले आहे. मुंबईची सी-डॅक ही संस्था आणि अमृता विद्यापीठ यांनी मिळून 'ओलॅब्स' या नावाने शालेय प्रयोगांची आभासी प्रयोगशाळा उभारली आणि तिच्यात मराठीलाही स्थान दिले. ज्या शाळेत परीक्षानळ्या कपाटात कुलूपबंद असतात, कारण फुटल्या तर भरपाई कोण देणार हा प्रश्न असतो, तिथे निदान कृतीचा क्रम मुलाला आधी पाहता आणि करून बघता येतो.

तथापि एवढे वाचून कोणी उद्याच मुलाच्या हाती मोबाईल देऊन मोकळे होऊ नये, म्हणून आमच्या मनातील शंकाही सांगतो.

२०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा पडद्यावरचे शिक्षण आपण सर्वांनीच पाहिले. घरात एक फोन, तो वडिलांसोबत कामावर. मुलांचा तास संपून गेल्यावर फोन घरी येई. आणि जो तास मिळे, त्यात मूल नुसते बघत बसे. बघणे आणि हाताळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आम्ही ज्या साधनांविषयी बोलतो आहोत त्यांचा सारा गुण हाताळण्यात आहे. पण हाताळणेही विचारावाचून होऊ शकते. पहिल्या दिवसांत काही मुले सगळ्याच कळा एकदम फिरवीत आणि काय बदलल्याने काय झाले हे त्यांना सांगता येत नसे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त यंत्र लावत नाही. ती जवळ बसलेल्या माणसाने लावावी लागते. शिक्षकाची गरज या साधनांनी कमी होत नाही. उत्तर सांगणारा शिक्षक मागे सरतो आणि प्रश्न विचारणारा पुढे येतो, एवढेच.

आणखी एक गोष्ट. पडद्यावरचा लंबक हा निसर्ग नव्हे. कोणा माणसाने निसर्गाचा नियम त्यात भरून ठेवला आहे, आणि माणूस चुकू शकतो. तिथे घर्षण शून्य करता येते. लोहाऱ्यात ते कोणालाही करता आलेले नाही. त्या मुलीच्या २.३७ सेकंदांवर सिस्टर तिथेच थांबल्या असत्या, तर फळ्याऐवजी पडद्याचा शब्द प्रमाण मानल्यासारखे झाले असते, आणि आमची १९९७ची चूक नव्या रूपात पुन्हा घडली असती. पण त्या म्हणाल्या, "आता खरे करून पाहू."

सभागृहाच्या तुळईला सुतळी बांधली. टोकाला अंगणातला एक दगड. टांगल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. मोबाईलमधले घड्याळ. लहान झोक्याच्या पाच फेऱ्यांना १० सेकंद लागले. मग दगड साठ अंशांपर्यंत ओढून सोडला. पाच फेऱ्यांना साडेदहा सेकंदांहून थोडे अधिक. पडद्याच्या हिशेबाने ते पावणेअकराच्या जवळ यायला हवे होते. इथे खरा वाद रंगला. संगणक खोटा, असे एक पक्ष म्हणाला. आपले मोजणे कच्चे, असे दुसरा म्हणाला. शेवटी एका लहानग्याने दाखवून दिले की दगडाचा झोका प्रत्येक फेरीला थोडा थोडा लहान होत जातो. पाचवी फेरी साठ अंशांची राहिलेलीच नसते. म्हणून वेळही मधेच कुठेतरी येते. त्या क्षणी त्या सभागृहात जे घडले त्याला आम्ही विज्ञान म्हणू. त्यात संगणकाचा वाटा होता आणि सुतळीचाही; दोहोंपैकी एक वगळले असते तर तो प्रश्नच उठला नसता.

आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमिती शिकवणारे अरविंद गुप्ता पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात बरीच वर्षे हेच सांगत आले. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या या माणसाने आपले सारे भांडार संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. हाताने करण्याची वस्तू आणि ती घरोघर पोहोचवणारा पडदा यांचे वैर नाही, हे त्यांच्या कामातून आम्हांला पटले.

पालकांना आमची विनंती लहान आहे. घरात एकच फोन असला तरी आठवड्यातून अर्धा तास तो मुलासाठी राखून ठेवावा, आणि त्या अर्ध्या तासात जवळ बसावे. तुम्हांला विज्ञान येत नसेल तर उत्तमच; मुलाला सांगावे, "मला समजावून दे." त्याने अंदाज लिहिला का, एका वेळी एकच गोष्ट बदलली का, एवढे विचारावे. आणि मूल जर म्हणाले की पुस्तकात लिहिले आहे त्यापेक्षा मला निराळे दिसते, तर त्याला गप्प करू नये. कसे मोजलेस, हे विचारावे. ते चुकले असेल तर मोजतामोजता त्याला कळेल. बरोबर असेल तर आपल्याला कळेल.

आता त्या मुलाविषयी. त्याचा फोन क्रमांक मिळवायला आम्हांला तीन आठवडे लागले. दहावीनंतर त्याने शाळा सोडली होती. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे, ट्रक चालवतो, दोन मुलांचा बाप आहे. आमच्या एका शिक्षेमुळे त्याने शिक्षण सोडले असे आम्ही म्हणणार नाही; घरची परिस्थिती आम्हांला ठाऊक होती. पण विज्ञानाची एक वाट त्याच्यापुरती त्या दिवशी आम्ही बंद केली, हेही आम्हांला नाकारता येत नाही. आम्ही नाव सांगितले, शाळा सांगितली, लंबकाचा तास सांगितला. तो म्हणाला, "फादर, झुल्याचं तं काही आठवत नाही." थोडा वेळ पलीकडून नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "पन्नास वेळा लिहिलं होतं, ते आठवते."

आम्ही त्याला सांगितले की त्याचे बरोबर होते आणि आमचे चुकले होते. किती अंशांना किती फरक पडतो, तेही सांगितले. आम्ही क्षमा मागितली.

"मंग माह्यं बरोबर होतं?" त्याने विचारले.

"हो. तू मोजले होतेस, आम्ही मोजले नव्हते."

तो हसला. त्याची थोरली मुलगी आठवीत आहे, असे त्याने सांगितले. गणित तिला जड जाते म्हणाला. आम्ही त्याला मराठीतील त्या प्रयोगांची माहिती दिली आणि ती त्याने फोनवर पाठवून द्यायला सांगितली. पुढच्या रविवारी रात्री त्याचा निरोप आला. बापलेकीने मिळून लंबक चंद्रावर नेला होता, आणि तिथे वेळ जास्त का लागते हे मुलगी त्याला विचारीत होती. त्याला सांगता येत नव्हते. म्हणून त्याने आम्हांला विचारले होते.

आम्ही उत्तर लिहायला घेतले आणि थांबलो. 'आधी तिचा अंदाज काय आहे, तो विचार,' एवढेच लिहून पाठवले.